गाडी आफ्रिकेला न्यावी, की तिथंच भाड्यानं घ्यावी?

सोलापुरातल्या विजापूर रोडवर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा:

"आमचे हे एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. त्यांचं वय ६१, माझं ५७. दोघांनाही फिरण्याची आवड आहे. २०१६ च्या स्कॉर्पिओतून आम्ही लडाख, कच्छ, रामेश्वर केलं. आता त्यांनी मनात घेतलंय की गाडी मुंबईहून जहाजानं केनियातल्या मोम्बासाला पाठवायची, तिथून टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया करत केपटाऊनपर्यंत जायचं आणि गाडी पुन्हा जहाजानं परत आणायची. घरी ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत. धाकटे दीर त्यांना दोन महिने सांभाळायला तयार आहेत, त्याहून जास्त त्यांना जमणार नाही. फंड आणि ग्रॅच्युइटीतले १४ लाख आम्ही या प्रवासासाठी बाजूला ठेवलेत. मोम्बासापर्यंतचे एका एजंटानं १ लाख ८५ हजार सांगितले, दुसऱ्यानं ३ लाख २० हजार. हे म्हणतात, पहिला स्वस्त आहे, त्यालाच देऊ. आणि परत आणणं परवडलं नाही तर गाडी तिकडंच विकून येऊ, नाहीतरी जुनीच आहे. एवढा पैसा नुसता जहाजावर घालवावा का, हे मला कळत नाही. नको म्हटलं तर त्यांचं स्वप्न मोडल्यासारखं होईल. मी गाडी चालवत नाही, शेजारी बसते. त्यामुळे यात बोलायचा मला अधिकार तरी आहे का, असंही वाटतं."

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. हा पैसा घराचा आहे, दोन महिने घर सोडून जाणं दोघांचं आहे, आणि मागं काही घडलं तर पहिला फोन तुम्हालाच येणार आहे. बोलायचा अधिकार यातूनच येतो, स्टिअरिंगवर कोण बसतं त्यावरून तो ठरत नाही. शिवाय अशा प्रवासात गाडी चालवण्याइतकंच मोठं काम कागदांचं असतं. प्रत्येक सीमेवर फाईल उघडणं, कुठला शिक्का राहिला ते बघणं, मुदती लक्षात ठेवणं. ते काम बहुधा तुमच्याकडंच येईल. तेव्हा मत मांडाच. फक्त "नको" किंवा "हो" म्हणायच्या आधी हिशेब पुरता समजून घ्या. तुमच्या पत्रातला हिशेब निम्माच आहे, असं मला वाटतं.

आधी "तिकडंच विकून येऊ" हा विचार बाजूला काढू. बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे आणि तो पायाच नाही. आपली गाडी परदेशात तात्पुरती न्यायची तर बऱ्याच ठिकाणी 'कारनेट' लागतं. पूर्ण नाव 'कार्ने द पासाज आं दुआन', म्हणजे गाडीचा सीमाशुल्काचा पासपोर्ट. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडं त्याचं काम होतं. त्याची मुदत एक वर्षाची. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरी स्थळप्रत दोन्ही शिक्क्यांसह तुमच्याजवळ राहते. या कागदाचा अर्थ एवढाच की ही गाडी पाहुणी आहे, ती ठरलेल्या मुदतीत बाहेर जाईल आणि नाही गेली तर तिच्यावरची आयात जकात आम्ही भरू. म्हणजे तो जामीन आहे. गाडी तिथं विकलीत की जामीन मोडला.

आणि विकायचं म्हटलं तरी कायदा आड येतो. केनियात आठ वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या आयातीला बंदी आहे. तुमची २०१६ ची गाडी त्या आठ वर्षांत बसत नाही. दक्षिण आफ्रिका तर वापरलेल्या गाड्या, थोडे अपवाद वगळता, आतच घेत नाही. तेव्हा स्कॉर्पिओ गेली की तिला परत आणावीच लागेल, परवडो वा न परवडो. जहाजाचं भाडं तोलायला बसताना परतीचं भाडं पहिल्याच दिवशी खर्चात धरा.

या जामिनाला तारण लागतं. कारनेट देणारी संस्था तुमच्याकडून अनामत रक्कम किंवा बँक गॅरंटी घेते. ती गाडीची किंमत आणि तुम्ही जाणार ते देश यावरून ठरते, आणि काही देशांसाठी गाडीच्या किमतीएवढी किंवा त्याहून जास्तही असते. बँक गॅरंटी म्हटलं की साधारण मुदत ठेवीवर बोजा चढतो. ठेवीला व्याज मिळत राहतं, पण गॅरंटी सुटेपर्यंत ती मोडता येत नाही. सगळे शिक्के नीट बसले, गाडी परत आली आणि कारनेट बंद झालं की रक्कम मोकळी होते. तुमच्या १४ लाखांत ही रक्कम कुठंच दिसत नाही. ती वेगळी आहे का? घरात ८४ वर्षांच्या सासूबाई असताना दवाखान्यासाठी म्हणून ठेवलेली ठेव यात अडकणार नाही ना? ह्यांच्याशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा.

आता त्याहून गंभीर गोष्ट. आपल्या गाडीची विमा पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान इथपर्यंत वाढवता येते. आफ्रिकेत ती चालत नाही. केनिया, टांझानिया, झांबिया, झिम्बाब्वे या पट्ट्यात 'कोमेसा यलो कार्ड' नावाची व्यवस्था आहे. तिथला विमा घेऊन हे कार्ड काढलं की त्या देशांत दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी भागते. पण तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली, जळली, दरीत गेली तर? गाडी जाते ती जाते, वर जामिनाचा प्रश्न उभा राहतो, कारण गाडी देशाबाहेर गेल्याचा शिक्का मिळत नाही. पोलिसांचा पंचनामा, तिथल्या सीमाशुल्क खात्याचा दाखला हे सगळं परक्या देशात धावपळ करून जमवावं लागतं, नाहीतर अनामतीवर दावा येऊ शकतो. असं घडेलच असं मी म्हणत नाही. पण घडलं तर तो फटका सोसता येईल का, हे जाण्याआधी ठरवायला हवं.

मग त्या दोन कोटेशनांकडं येऊ. १ लाख ८५ हजार आणि ३ लाख २० हजार हे एकाच वस्तूचे दोन भाव आहेत असं समजू नका. बहुतेक वेळा पहिल्यासारख्या आकड्यात फक्त समुद्रातलं भाडं असतं. त्याच्या अलीकडं आणि पलीकडं खर्चाची रांग लागलेली असते: कंटेनरमध्ये गाडी चढवून बांधणं, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात सीएचएची म्हणजे सीमाशुल्काचे कागद करणाऱ्या एजंटाची फी, शिपिंग बिल म्हणजे माल बाहेर नेण्याचा सीमाशुल्काचा कागद, टर्मिनलचं हाताळणी शुल्क म्हणजे टीएचसी, बिल ऑफ लेडिंगची म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीची फी, मोम्बासाला उतरल्यावर तिथलं टीएचसी, डिलिव्हरी ऑर्डर म्हणजे माल सोडण्याची चिठ्ठी, तिथल्या क्लिअरिंग एजंटचा मोबदला, कंटेनर उघडून गाडी काढणं आणि रिकामा कंटेनर यार्डात परत पोचवणं. स्वस्त एजंट खोटं बोलतो असं नाही. तुम्ही विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. पण मोम्बासाला पोचल्यावर तिथला माणूस नवा कागद पुढं करतो, गाडी त्याच्या ताब्यात असते आणि इथला एजंट हात वर करतो. तिथं घासाघीस करायला तुमच्याकडं काहीच उरत नाही.

म्हणून दोघांनाही एकच प्रश्न लेखी पाठवा: "सोलापुरातून गाडी निघाल्यापासून मोम्बासा बंदराच्या फाटकाबाहेर माझ्या हातात किल्ली येईपर्यंत एकूण किती? यात काय धरलेलं नाही?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. ज्याचं उत्तर सविस्तर येईल, त्याच्याशी पुढं बोला, भले त्याचा आकडा मोठा असो.

सोलापूरकर म्हणून तुमच्या हाताशी एक फायदा आहे, तो सोडू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल निर्यात करणारे कारखानदार आहेत. न्हावा शेवाला कंटेनर पाठवणं हे त्यांचं रोजचं काम. कुठला फॉरवर्डर म्हणजे माल जहाजानं पोचवून देणारा एजंट शब्दाला जागतो, कुठल्या बंदरात माल अडतो, यंदा भाडी चढली की उतरली हे त्यांना तोंडपाठ असतं. ओळखीपाळखीतून एखाद्याला गाठा आणि त्यांच्याच फॉरवर्डरकडून तिसरं कोटेशन मागवा. वर्षाला अनेक कंटेनर देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ओळखीनं गेलेल्या माणसाला एजंट जरा जपून वागवतो. हे काम ह्यांनाच सांगा, त्यांना आवडेल.

गाडी कंटेनरमध्ये जाते कशी, तेही बघून ठेवा, म्हणजे पैसे कशाचे ते कळेल. २० फुटी कंटेनरच्या दाराची रुंदी साधारण २.३४ मीटर आणि उंची २.२८ मीटर. स्कॉर्पिओ १.८२ मीटर रुंद आणि दोन मीटरच्या जवळ उंच. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अर्धा मीटर जागा. आरसे मिटवून, एक माणूस पुढून खुणा करत असताना गाडी इंचाइंचानं आत घ्यावी लागते, आणि आत गेल्यावर चालवणाऱ्याला नेहमीसारखं दार उघडून उतरता येत नाही. काचेतून किंवा मागच्या दारानं बाहेर यावं लागतं. छपरावर कॅरियर, तंबू असेल तर तो उतरवायचा, नाहीतर उंचीला गाडी अडते. मग चाकांना लाकडी ठोकळे, चारी बाजूंनी पट्टे, बॅटरीची तार काढलेली, टाकीत डिझेल जेमतेम. ही बांधणी चांगली झाली नाही तर लाटांवर गाडी पत्र्याला घासत जाते. ह्यांनी त्या वेळी तिथं स्वतः हजर राहावं, पट्ट्यांचे आणि कंटेनरच्या सीलच्या नंबराचे फोटो काढावेत. निघण्यापूर्वी चासीवरचा नंबर घासून स्वच्छ करून ठेवायचा. सीमाशुल्क अधिकारी कागदावरचा आणि चासीवरचा नंबर जुळवतात, आणि जुन्या गाडीत तो गंजाखाली गेला की तिथंच खोळंबा होतो. कार्यशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण बंदरावर घाईत नेमकं हेच राहतं.

आणि हो, कडक भाकरीचे गठ्ठे, शेंगाचटणी, छोटा गॅस सिलिंडर हे सगळं गाडीतच भरून पाठवायचा मोह होईल. सिलिंडर अजिबात नको. तो धोकादायक मालात मोडतो. खाण्याचं सामान स्वतःबरोबर विमानातून, त्या देशाचे नियम बघून. गाडीत राहील ती प्रत्येक वस्तू यादीत लिहिलेली असली पाहिजे.

उशिराचा खर्च हा लोक सर्वांत कमी धरतात. जहाजाच्या तारखा बदलतात, कंटेनर एका जहाजावरून पुढच्यावर ढकलला जातो, मधल्या बंदरात बदली असेल तर आणखी दिवस जातात. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. तुमची वाट तिथून जात नसली तरी जगभरातली जहाजं आणि कंटेनर तिकडं गुंतले की वेळापत्रकं सगळीकडंच ढासळतात. उलट बाजूनं, गाडी पोचली आणि तुमचे कागद तयार नसले की मोफत दिवस संपल्यावर बंदराचं डेमरेज आणि कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे उशिराचं जादा भाडं, रोजच्या रोज चढत जातं. त्यामुळे एक पथ्य पाळा: जहाज मोम्बासाला लागून कंटेनर उतरल्याची बातमी आल्याशिवाय तुम्ही घरातून हलू नका. विमानाची तिकिटं तारीख बदलता येतील अशीच काढा. तुमच्या दिरांनी दिलेले दोन महिने मोम्बासाच्या लॉजमध्ये वाट बघण्यात जाऊ देऊ नका.

सागरी विमा घ्याच. इथं बरेच जण हात आखडता घेतात: "पंधरा दिवसांचा तर प्रवास, काय होणार?" २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं, ते आठवतं का? ते सहा दिवसांनी सुटलं, पण त्यानंतर जुलैपर्यंत इजिप्तमध्येच रोखून धरलं होतं, आतल्या सगळ्या मालासकट. त्यात 'जनरल ॲव्हरेज' जाहीर झालं. हा सागरी व्यापारातला फार जुना नियम. जहाज वाचवायला जो खर्च येतो तो त्यावरच्या प्रत्येक मालधन्याच्या वाट्याला येतो, त्याचा माल धडधाकट असला तरी. विमा असेल तर त्या वाट्याची हमी विमा कंपनी देते. नसेल तर ती रक्कम भरल्याशिवाय तुमची गाडी तुमच्या हाती येत नाही.

आता बेरीज करू. तुमचंच मोठं कोटेशन प्रामाणिक आहे असं धरते. जाताना ३ लाख २० हजार, येताना तेवढेच. ६ लाख ४० हजार झाले. सागरी विमा, कारनेटची फी, तिकडचे विमे, बंदरावरचे रखडलेले दिवस मिळून आणखी लाख-सव्वा लाख धरू. म्हणजे गाडी नुसती नेण्या-आणण्यातच साडेसात लाख गेले. ६० दिवसांतले आठ दिवस दोन बंदरांत जातील असं मानलं तर उरतात ५२. साडेसात लाखांना ५२ नं भागा: दिवसाला साडेचौदा हजारांच्या जवळ. डिझेल, राहणं, जेवण, अभयारण्यांची प्रवेश फी हे सोडून, निव्वळ आपली गाडी जवळ असण्याची ही किंमत. "गाडी आपलीच आहे, तिला काय लागतंय" या विचाराला हा आकडा समोर ठेवून बघा.

हाच प्रवास तुम्ही पाच महिन्यांचा केलात तर तेच साडेसात लाख १५० दिवसांत वाटले जातात आणि दिवसाचे पाच हजार होतात. जहाजाचा खर्च प्रवास छोटा केला म्हणून कमी होत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे: दोन महिन्यांसाठी गाडी जहाजानं नेणं तुमच्या परिस्थितीत परवडणारं नाही. चार-पाच महिने मोकळे असते तर मी वेगळं लिहिलं असतं.

भाड्याच्या गाडीचा पर्याय या आकड्याशी ताडून बघा. नामिबियात विंडहूकला फोर बाय फोर गाड्या भाड्यानं मिळतात, छपरावर तंबू आणि आत स्वयंपाकाचं सामान असलेल्या. भाडं विचाराल तेव्हा पाच गोष्टी स्पष्ट करून घ्या: शेजारच्या देशात न्यायचं परवानगीपत्र मिळेल का, गाडी केपटाऊनला सोडली तर जादा किती, काच आणि टायरचा विमा आहे का, मातीच्या रस्त्यावर तो लागू आहे का, आणि चालकाच्या वयाची काही अट आहे का. त्या दैनिक भाड्यात आणि साडेचौदा हजारांत किती फरक पडतो ते कागदावर मांडा. आणखी एक फरक त्या कागदावर दिसणार नाही: त्या गाडीचा जामीन तुमच्या डोक्यावर नसतो. ती रस्त्यात बंद पडली तर मालक बहुधा दुसरी पाठवतो.

पण ताई, इथं मी ह्यांच्या बाजूनंही बोलणार आहे. त्यांना आफ्रिका बघायची आहे, की स्वतःच्या हातानं ठाकठीक ठेवलेल्या गाडीतून आफ्रिका ओलांडायची आहे? या दोन वेगळ्या इच्छा आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. जन्मभर एसटीच्या गाड्या दुरुस्त करून लोकांच्या प्रवासाला पाठवलेल्या माणसाला वाटणारच की एकदा आपली गाडी, आपला पाना, आपला रस्ता. हा हट्ट म्हणून उडवून लावू नका. उलट, तो मनाशी एवढा जवळचा असेल तर तो ६० दिवसांत कोंबणं हाच त्याच्यावर अन्याय आहे. सरळ गेलात तरी मोम्बासा ते केपटाऊन सहा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. टांझानिया आणि झांबियामधल्या टुंडुमा-नाकोंडेसारख्या सीमेवर ट्रकांच्या रांगा लागतात. एकट्या चालकानं, परतीच्या जहाजाची तारीख डोक्यात ठेवून ते कापायचं म्हटलं तर गाडीही पळवावी लागेल आणि बघणंही होणार नाही.

त्यांची निवड अगदी अडाणी नाही हेही सांगते. केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत तुमच्या वाटेवरचे सगळे देश डाव्या बाजूनं गाडी चालवतात, आपल्यासारखेच. उजव्या स्टिअरिंगची गाडी तिथं परकी वाटत नाही. महिंद्राच्या गाड्या दक्षिण आफ्रिकेत विकल्या जातात, डर्बनला त्यांची जुळणीही होते, म्हणजे वाटेच्या शेवटच्या टप्प्यात तरी सुटे भाग मिळायची आशा आहे. झांबियातून बोत्स्वानात जायला पूर्वी झांबेझी नदी तराफ्यावरून ओलांडावी लागे. २०२१ पासून काझुंगुलाचा पूल झालाय. रस्ता होण्यासारखा आहे. अडचण वेळेची आणि जामिनाची आहे.

म्हणून मी काय सुचवेन? यंदा दोघं विमानानं जा, विंडहूकला गाडी घ्या, चार आठवडे नामिबिया, बोत्स्वाना आणि केपटाऊन. दिरांचे दोन महिने पुरून उरतील, १४ लाखांतले बरेच वाचतील आणि ठेव मोकळी राहील. जाताना ह्यांनी डोळे उघडे ठेवून बघावं: मातीच्या रस्त्यांवर टायर कसे टिकतात, गॅरेजं कुठं आहेत, सीमेवर कोण काय मागतं. स्कॉर्पिओची मोहीम त्यानंतर, घरची व्यवस्था पाच महिन्यांसाठी लागेल तेव्हा. तेव्हा अशीच हौस असलेलं दुसरं एखादं कुटुंब मिळालं तर ४० फुटी कंटेनरमध्ये दोन स्कॉर्पिओ सहज बसतात आणि भाडं वाटून घेता येतं. कागद मात्र दोन्ही गाड्यांचे एकाच वेळी तयार हवेत, नाहीतर एकाच्या उशिराचं डेमरेज दुसऱ्यालाही भरावं लागतं.

मधल्या काळात आपल्याच गाडीतून परदेशात जायची हौस भागवायला जहाज लागत नाही. उत्तर प्रदेशातल्या सोनौलीहून नेपाळमध्ये शिरता येतं. भारतीय नंबरच्या गाडीला सीमेवर दिवसाच्या हिशेबानं 'भन्सार' म्हणजे तिथलं सीमाशुल्क भरून परवाना मिळतो. पॉलिसी नेपाळपुरती वाढवून घ्या. सीमा, शिक्के, परका पैसा, परके पोलीस या सगळ्याची रंगीत तालीम त्यात होते, आणि दोघांची तब्येत लांबच्या पल्ल्याला कितपत साथ देते तेही कळतं.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांचं ठिकाण वेगळं असेल. कुणी दुबईला गाडी उतरवून पुढं इराण-तुर्कीचा विचार करत असेल, कुणी चेन्नईहून मलेशियाला. ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर असाल तर गाडीच्या तळाला चिकटलेली माती आणि गवताचं बी सुद्धा तिथं चालत नाही. धुण्या-तपासण्याचा खर्च वेगळा धरा. थायलंडमध्ये परदेशी गाडीला आधी परवाना काढावा लागतो. अमेरिका खंड वरून खाली करायचा तर पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये सुमारे शंभर किलोमीटर रस्ताच नाही, तेवढ्यासाठी पुन्हा कंटेनर. देश बदलला की नियम बदलतात, पण हिशेब करायची रीत तीच: किल्ली हातात येईपर्यंतचा पूर्ण खर्च, दोन्ही बाजूंचा, भागिले रस्त्यावरचे खरे दिवस. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही लागेल.

ताई, तुमच्यासाठी दोन कामं. एक, गाडी चालवायला शिका. लांबच्या प्रवासात एकाच चालकावर विसंबणं या वयात बरं नाही. ह्यांना ताप आला तर तुम्ही दोघं कुठंतरी अडकाल. शिकायला होटगी रोडचा सकाळचा मोकळा रस्ता आणि घरातच एक चांगला शिक्षक आहे. लायसन्स पक्कं झालं की आरटीओतून दोघांचेही आंतरराष्ट्रीय परवाने काढा. त्यांची मुदत एका वर्षाची असते, त्यामुळे फार आधी काढू नका. दुसरं काम, या रविवारी ह्यांच्याबरोबर वही घेऊन बसा आणि वरची बेरीज तुमच्या खऱ्या आकड्यांनी पुन्हा करा. नामिबियाचं ठरलं तर मे ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा हंगाम. पाणवठ्यांवर प्राणी दिसतात ते याच दिवसांत. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो, तेव्हा जूनमध्ये निघायचं तर फेब्रुवारीपासून कागदांना लागा.